छत्री राखली, पाण्याचं काय?

(दृश्य: कृष्णपुरा, इंदूर. सकाळची वेळ.)

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या इंदूरकराला दाखवाव्या लागत नाहीत. कृष्णाबाई मासाहेब, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव या होळकरांची ही स्मारकं. खांबांवरची नक्षी पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. मग कठड्यावरून खाली वाकावं. काळपट पाणी, काठाला अडकलेल्या पिशव्या, आणि त्यातच चोच मारणारे बगळे.

ही कान्ह नदी. सरस्वती नदी तिला याच भागात येऊन मिळते.

शहराने हातपाय हलवले नाहीत, असं नाही. नदीत सुटणारं सांडपाणी अडवून प्रक्रिया केंद्रांकडे वळवलं गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं, म्हणजे प्रक्रिया न करता सांडपाणी बाहेर न सोडणारं शहर, असं सरकारी प्रमाणपत्र त्याला मिळालं. तरीही वारसा जतन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगड, चुना आणि रोषणाईच येते. नदी त्यात धरलीच जात नाही.

(दृश्य: नकाशा. लाँग आयलंडचं पूर्व टोक, न्यूयॉर्क राज्य.)

इथल्या पाच नगरांच्या मतदारांनी १९९८ साली जतन निधीला कौल दिला. घर-जमीन घेणाऱ्याने, काही सवलती वगळता, किमतीच्या २ टक्के या निधीत भरायचे. त्यातून शेतं, मोकळ्या जागा, जुन्या वास्तू राखायच्या. त्या राखल्या गेल्या. पण खाडीचं पाणी बिघडतच होतं. घरोघरच्या जुन्या शोषखड्ड्यांतलं नायट्रोजन रेताड जमिनीतून भूजलात आणि तिथून खाडीत झिरपतं, त्यावर शेवाळ माजतं. शेवाळ काय करतं हे तिथल्या कोळ्यांना नवं नव्हतं. १९८५ च्या तपकिरी शेवाळाने त्यांचा शिंपल्यांचा धंदा पार बसवला होता.

२०१६ मध्ये पुन्हा मतदान झालं. निधीतला जास्तीत जास्त २० टक्के वाटा पाण्यासाठी वापरायला लोकांनी मंजुरी दिली. जुने शोषखड्डे काढून नायट्रोजन कमी करणारी यंत्रणा बसवायला घरमालकांना त्यातून मदत मिळू लागली. मला ती मर्यादाही तितकीच मोलाची वाटते: पाण्याचा हक्क मान्य झाला, आणि जमिनीचा निधीही आटला नाही.

आपल्याकडे असा कर नाही. पण छत्र्यांच्या डागडुजीचं अंदाजपत्रक तर दरवेळी बनतंच. पायथ्याशी वाहणाऱ्या नदीचा ठरलेला हिस्सा त्यातच लिहिला जावा, ही आमची मागणी आहे. कान्ह इथून पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, आणि २०२८ च्या सिंहस्थाला लाखो भाविक त्या क्षिप्रेत स्नान करणार आहेत.