व्हर्सायचा तह: दालनाबाहेरची माणसं

(दृश्य: व्हर्सायचा राजवाडा, आरशांचं दालन)

28 जून 1919. याच दालनात 1871 साली, फ्रान्सला नमवून, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. आज इथेच पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीचे दोन मंत्री शांतता तहावर सही करणार आहेत. जागा मुद्दाम निवडलेली आहे.

सह्या दोन्ही बाजूंच्या, पण वाटाघाटी मात्र विजेत्यांनी आपसातच केल्या. जानेवारीपासून पॅरिसच्या शांतता परिषदेत खल चालू होता. जर्मन शिष्टमंडळाच्या हाती मसुदा पडला 7 मे रोजी. समोरासमोर चर्चा नाही, म्हणणं लेखी द्यायचं. हरकतींपैकी थोड्याच मानल्या गेल्या आणि मग निर्वाणीचा इशारा आला: सही करा, नाहीतर फौजा पुढे सरकतील. तोफा थांबून सात महिने उलटले होते, तरी जर्मनीची सागरी नाकेबंदी उठलेली नव्हती.

उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमची राखरांगोळी झाली होती. त्यांना भरपाई मिळायलाच हवी होती, यात शंका नाही. पण 1921 मध्ये आकडा ठरला 132 अब्ज सुवर्ण मार्कांचा, आणि त्यातला मोठा भाग वसूल होणार नाही याची कल्पना तो ठरवणाऱ्यांनाही होती. मग बोजा कुणावर पडला? जर्मनीचा माजी सम्राट कैसर हॉलंडमध्ये सुखरूप होता. बोल लागला तो जर्मनीच्या नव्या प्रजासत्ताकाच्या नेत्यांना. तह स्वीकारा, असा आग्रह धरणारे मंत्री माथियास एर्झबर्गर यांना 1921 मध्ये अतिउजव्या मारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. हिटलरला प्रचाराचा दारूगोळा इथूनच मिळाला.

आणि हा तह राबवायचा कुणी? अमेरिकेच्या सेनेटने तो नाकारला. फ्रान्सला दिलेली संरक्षणाची हमीही त्याबरोबर बारगळली.

(दृश्य: 1919 च्या मे महिन्यातले बीजिंगमधले विद्यार्थी)

पण या तहाची गोष्ट युरोपातच संपवली, तर आपण अर्धीच सांगितली असं होईल. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांची स्वयंनिर्णयाची भाषा आशियानेही ऐकली होती. चीन मित्रराष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरला होता, तरी चीनच्याच शांतुंग प्रांतातले जर्मन हक्क जपानला दिले गेले. चीनने सही केली नाही. त्याच जपानने वांशिक समतेची तरतूद मागितली, बहुमतही मिळवलं, पण एकमत नाही म्हणून विल्सन यांनी ती बाजूला सारली.

(दृश्य: लोकमान्य टिळक, लंडन)

आणि भारत? तेरा लाखांवर माणसं या युद्धात गेली, सत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत. डिसेंबर 1918 मध्ये दिल्लीच्या काँग्रेस अधिवेशनाने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं सुचवली. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते. त्यांना पॅरिसला जाऊ दिलं नाही. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून भारताची बाजू मांडली. ही परिषद चालू असतानाच इकडे रौलट कायदा आला आणि 13 एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला.

तहावर भारताच्या नावाने सह्या आहेत. त्या भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. याच तहाने उभारलेल्या राष्ट्रसंघ या आंतरराष्ट्रीय संघटनेचा भारत सदस्यही झाला, पण त्याचे प्रतिनिधी ब्रिटिश सरकार निवडणार होतं.

राष्ट्रसंघाच्या नावाखाली इराकचा ताबा ब्रिटनकडे राहिला. 1920 मध्ये तिथली जनता त्याविरुद्ध उठली, तेव्हा तो उठाव मोडायला भारतीय पलटणी धाडल्या गेल्या.