काळ्या मातीवरचं घर आणि जोत्यापाशी पडणारं पाणी

मंडळी, घराला भेग पडली की आपला पहिला संशय गवंड्यावर जातो. सिमेंट कमी घातलं, सळई बारीक वापरली. मी सांगतो, भर पावसात घोंगडी-छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात आणि मोरीचं पाणी कुठे जिरतं, ते आधी बघा.

मराठवाड्यातली, विदर्भातली आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आक्रसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्यात. तीच जमीन घराखाली आहे. पावसाळ्यात कडेची माती भिजते, मधली कोरडी राहते. मग एखादा कोपरा उचलला जातो, खिडकीच्या टोकापासून तिरकी भेग निघते, दार चौकटीत अडकतं.

आमच्या जुन्या घरात न्हाणीकडची भिंत तीनदा भरली, तीनदा फाटली. शेवटी उकरलं, तर जमिनीखाली पाइपाचा सांधा सुटलेला. इतकी वर्षं तो एकच कोपरा पाणी पीत होता! सांधा बदलला, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दिला, मग भेग भरली. पुन्हा उघडली नाही.

आता गच्चीचा हिशेब करा. हजार चौरस फूट गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 9,300 लिटर पाणी होतं. जवळजवळ एक टँकर. तो आपण दोन पाइपांतून थेट जोत्याच्या बुडाशी रिकामा करतो! ते पाणी पक्क्या गटारातून लांब न्या. शोषखड्डा करायचा तर तोही घरापासून दूर, भिंतीला चिकटून नको. घराभोवती बाहेर उतरता फरसबंदीचा पट्टा घाला. काळ्या मातीत तो सहा फूट रुंद असला तर उत्तम. पट्टा आणि भिंत यांच्यामधली फट डांबराने बुजवा, नाहीतर पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं.

नवं बांधत असाल तर पायाचे चर उघडे ठेवून गावाला जाऊ नका. एक वळीव पडला तरी तळ फुगतो. चरात नुसती वाळू भरू नका; भोवती चिकणमाती, मध्ये वाळू, म्हणजे पाणी साठवायला हौदच झाला. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी धुमसून भरा. माती फारच फुगणारी असेल, तर पाइल, म्हणजे खाली कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, जमिनीत घेतात. साधारण साडेतीन मीटर खोल, जिथे ऋतूंचा ओलावा फारसा बदलत नाही तिथवर. त्यासाठी माती तपासून घ्या. तो खर्च वाचवू नका.

आणि जोत्याला लागून असलेले फुलझाडांचे वाफे, ज्यांना आपण रोज संध्याकाळी पाइप लावून ठेवतो, तेवढे अंगणाच्या पलीकडे हलवा.