टाके जांघेत पडतात, खाली नाही!

नमस्कार मंडळी. 'दादा, टाके नेमके कुठे पडले?' हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आज कॅमेरा लावून बसलोच.

आधीचं पटकन सांगतो. मला वृषणाचा कॅन्सर होता. वृषणात न दुखणारी गाठ, सोनोग्राफी, रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच (या कॅन्सरमध्ये वाढू शकणारे आकडे), मग ऑपरेशन. नाव ऑर्किएक्टॉमी, म्हणजे वृषण काढून टाकणं. झालं.

आता टाके. इथे, जांघेत. हर्नियाचे असतात तिथेच. खालच्या पिशवीला ब्लेड लागतच नाही. माझ्या मामाला अजून पटत नाही, "गोटी खाली नि काप वर, कसं रे?" मामा, डिचोलीच्या घरामागच्या विहिरीतून पाणी काढताना विहिरीला खालून भोक पाडतोस? पोहरा दोरानं वरच ओढतोस ना? वृषणही दोरावरच लटकतं. सर्जन वरून दोर पकडून बांधतो नि गोटी वर काढतो.

हा हट्ट का? आईच्या पोटात वृषण मूत्रपिंडापाशी तयार होतं आणि मग खाली उतरतं, येताना लसिकावाहिन्याही (शरीरातलं लसिका हे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) घेऊन येतं. त्यामुळे कॅन्सर पसरला तर सहसा पोटात, पाठीच्या बाजूच्या लसिकागाठींत जातो. पिशवीच्या कातडीची वाट मात्र जांघेतल्या लसिकागाठींकडे. खालून कापलं की त्याला ही दुसरी वाटही मोकळी.

सुईचंही तेच! एका ठिकाणी मला म्हणाले, "आधी सुईनं थोडं काढून बघू." मी टेबलावर आडवाही झालो होतो. नर्स असलेल्या बहिणीचा फोन आला, "ऊठ आधी तिथून!" कॅन्सरचा संशय असेल तर पिशवीतून सुई नाही. नाही म्हणजे नाही.

एक कमेंट: 'आवाज बारीक होतो का?' अरे, ऐकतोयस ना? दुसरं वृषण निरोगी असेल तर हार्मोन सहसा पुरतं, मूलही होऊ शकतं. तरी वीर्य साठवायचं तर केमोच्या आधी, शक्यतो ऑपरेशनआधीच. मी हे डॉक्टरांना कुजबुजत विचारलं, त्यांनी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

घरी दुसऱ्या दिवशी. पिशवी जांभळासारखी काळीनिळी, माझी तर पाचावर धारण बसली! पण रक्त उतरतं खाली, ओसरतं. सपोर्टर घाला, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, खोकताना जांघेवर उशी दाबा. ताप, वाढती सूज किंवा पू दिसला तर वाट बघू नका. जड उचलणं काही आठवडे बंद. मला सहा सांगितले होते. नेमकी चवथ आली. गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीला नारळांचा घड बांधायला सगळे शिडीवर, आणि मी खुर्चीत बसून हुकूम सोडतोय. रक्ताचे आकडे उतरतायत का हे बघायला पुन्हा सुई मात्र टोचून घ्यावी लागते. ती हातात, तिला माझी हरकत नाही.

म्हापशात पायलट, म्हणजे बाईक-टॅक्सी, मारणाऱ्या मित्रानं विचारलंय, बाईकवर कधी? सर्जननं हो म्हटलं की. मी चौथ्या आठवड्यात बसलो आणि पहिल्याच खड्ड्यात सर्जनची आठवण काढली.