लाटेत आडवा दगड

(दृश्य : मरीना बीच, संध्याकाळ)

चेन्नईची मरीना. रस्त्यावरून निघून पाण्याला पाय लावायचा, तर वाळूतून चालून पोटऱ्या भरून येतात, एवढी रुंद पुळण. ही रुंदी बंदराची देणगी आहे. १८७५नंतर बंदराचे धक्के समुद्रात गेले आणि वाळूची वाट अडली. या किनाऱ्यावर वाळू नैर्ऋत्य मोसमात उत्तरेला सरकते, ईशान्य मोसमात काही महिने उलटी फिरते. वर्षाचा हिशेब केला तर उत्तरेचं पारडं जड. मरीना फुगली. बंदरापलीकडे, उत्तरेला, रोयापुरमची वाळू लाटांनी नेली आणि तिच्या जागी नवी आली नाही.

(दृश्य : रोयापुरम, किनाऱ्यालगतची दगडी भिंत)

समांतर भिंत रस्ता वाचवते, पुळण नाही. लाट भिंतीवर आपटून परतते, ती पायथ्याची वाळू घेऊनच. म्हणून ग्रोइन : किनाऱ्याशी काटकोनात समुद्रात शिरलेला दगडी बंधारा. तो वाळू तयार करत नाही, फक्त वाटेत धरतो.

(दृश्य : खाण, वजनकाटा)

काम खाणीत सुरू होतं. दगडाची घनता घनमीटरला किमान २.६ टन हवी, आकार कोनदार हवा. लांबी जाडीच्या तिपटीपेक्षा जास्त असलेली फरशीसारखी शिळा बाजूला काढायची. कोकणातला ताजा काळा बेसॉल्ट या परीक्षेत उतरतो. जांभा घराला उत्तम, इथे निरुपयोगी.

वजन लाटेवरून ठरतं, आणि चूकही इथेच होते. दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या पटीत वाढतं. दोनास एक (दोन आडवे, एक उभा) उतारावर, फुटणाऱ्या २ मीटर लाटेसाठी सुमारे १.३ टनाचा दगड पुरतो. ३ मीटरसाठी साडेचार टन लागतो. समुद्रातल्या टोकाला तीन बाजूंनी मार बसतो, म्हणून तिथे दगड आणखी जड किंवा उतार आणखी सपाट. डंपरमध्ये मोठ्या दगडांखाली लहान दगड दडवून आणणं ही जुनी युक्ती. एकूण वजन काट्यावर बरोबर येतं, म्हणून नुसत्या पावतीवर विसंबायचं नाही. अधूनमधून गाडी रिकामी करून सुटे दगड तोलायचे.

(दृश्य : पोकलेन, डंपर)

तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड, त्यावर लहान दगडांचा थर. हे गाळलं, तर फटींतून वाळू निसटते आणि बंधारा बसत जातो. मग डबराचा गाभा. त्याचा माथा भरतीच्या पाण्याच्या वर आणि ४-५ मीटर रुंद ठेवतात, कारण डंपर त्याच्यावरूनच पुढे जाणार असतो. गाभ्यावर मधला थर, बाहेरच्या दगडाच्या दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे १.३ टनाखाली १३० किलोचा. सगळ्यात वर मोठ्या दगडांचे दोन थर, मिळून दीड मीटरहून थोडे जाड. प्रत्येक दगड पोकलेनने एकेक ठेवायचा. शेजाऱ्यांना निदान तीन ठिकाणी टेकला पाहिजे. हलणारा दगड उधाणात निघतो, आणि त्याच्यामागून बाकीचे.

उघडा गाभा फार पुढे नेऊ नये. दहा-पंधरा मीटर गेला की लगेच वरचे थर चढवायचे, नाहीतर एका रात्रीच्या वादळात डबर तळावर पसरलेलं दिसेल. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हे धोक्याचे महिने, कोकणात जून ते सप्टेंबर.

(दृश्य : ग्रोइनचं जमिनीकडचं टोक)

जमिनीकडचं टोक पुळणीच्या मागच्या उंचवट्यात किंवा भिंतीत रोवलेलं हवं. ते आखूड पडलं की उधाणाचं पाणी मागून वाट काढतं आणि ग्रोइनचं बेट होतं. पायथ्याला जादा दगडांचा रुंद पट्टा द्यायचा. समोरची वाळू खणली गेली की तेच दगड खड्ड्यात घसरून पायथा सावरतात.

(दृश्य : आकाशातून, एकामागे एक ग्रोइन)

दोन ग्रोइनांत साधारण लांबीच्या दोन ते तीन पट अंतर. जास्त ठेवलं तर मधला किनारा पुन्हा खचतो. काम वाळू जिकडे वाहते त्या टोकापासून, म्हणजे इथे उत्तरेकडून, सुरू करून दक्षिणेला सरकायचं. उत्तरेचे शेवटचे दोन-तीन ग्रोइन आखूड करत न्यायचे, म्हणजे त्यांना वळसा घालून थोडी वाळू पुढच्या गावापर्यंत जाते. मधले कप्पेही समुद्राच्या भरवशावर सोडायचे नाहीत. ते बाहेरून आणलेल्या वाळूने भरायचे. नाहीतर पोकळी भरेपर्यंत समुद्र ती वाळू त्या पुढच्या गावाच्या वाट्यातूनच घेतो.