रात्री दीडला मुंबई विमानतळावर उतरलात, तर हॉटेलचं बुकिंग कुठल्या तारखेचं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या आहेत. विमान मध्यरात्री मुंबईत उतरतं, पुढे पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला जायचंय, मग रात्र कुठे काढायची आणि खायचं काय? फार पैसे न घालवता. आज तेवढंच बोलू.

सोप्या गोष्टी भराभर. टर्मिनल दोन आहेत. टी-१ विलेपार्ले पूर्वेकडे, टी-२ सहारला, अंधेरी पूर्वेकडे. आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ला, देशांतर्गत दोन्हीकडे. मेट्रो ३ दोन्ही टर्मिनलना जाते, पण रात्री साडेदहाच्या सुमारास आटोपते. लोकल साधारण दीड ते चार बंद. म्हणजे रात्री एकनंतर उतरलात तर रिक्षा नाहीतर टॅक्सी. झालं.

आता खरा मुद्दा, जिथे बहुतेकांचे पैसे जातात. तारीख.

[स्क्रीनवर: आगमन १५ तारीख, ००:४०]

तिकिटावर लिहिलंय, १५ तारीख, १२ वाजून ४० मिनिटं, रात्री. तुम्ही अ‍ॅप उघडता आणि चेक-इन १५, चेक-आउट १६ टाकता. सरळ वाटतं ना? चुकलं. १५ तारखेची रूम सुरू होते १५ला दुपारी बारा किंवा दोनला. तुम्ही काउंटरवर उभे १५च्या पहाटे पावणेदोनला, म्हणजे दहा-बारा तास आधी. रिसेप्शनवरचा माणूस म्हणणार, साहेब, आदल्या रात्रीचे पैसे भरा. आणि त्याचं बरोबर आहे. तुम्हाला हवी होती चेक-इन १४, चेक-आउट १५.

कमेंटमध्ये लोक हॉटेलवाल्याला शिव्या घालतात, 'लुटतात'. अहो, लुटत नाहीत! लुटणारे वेगळे आहेत, त्यांच्याकडे येतोच.

दुसरीकडून सांगतो. दिवस बदलतो कधी? आपल्या पंचांगात सूर्योदयाला. विमान कंपनीकडे रात्री बाराला. हॉटेलात दुपारी बाराला. तीन घड्याळं, तिन्ही खरी. रात्री पावणेदोनला विमान कंपनीसाठी १५ तारीख उजाडलेली असते, हॉटेलसाठी अजून १४ची रात्र चालू असते. आजीला विचारलंत तर तीही 'कालची रात्र' असंच म्हणेल. हॉटेलच्या बाबतीत आजीचं ऐका. नियम असा धरा: रात्री बारा ते सकाळी सहाच्या मधे उतरत असाल, तर आगमनाच्या तारखेतून एक वजा. परदेशातून येणाऱ्यांनी निघायची तारीख बघूच नका. अमेरिकेहून निघालात १३ला, उतरलात १५च्या पहाटे, तर तिकिटावर '+२' लिहिलेलं असतं. मुंबईत उतरायची तारीख घ्या, त्यातून एक वजा.

तिसरी बाजू. समजा तुम्ही आधी काहीच बुक केलं नाहीत आणि रात्री एकला बॅगेची वाट बघत पट्ट्याशी उभं राहून अ‍ॅप उघडलंत. बऱ्याच अ‍ॅपमध्ये १४ तारीख करडी झालेली असते, निवडताच येत नाही. १५ निवडलीत की पुन्हा तोच घोळ, दुपारी बाराची रूम. अशा वेळी दोन वाटा. एक, तासांवर रूम देणारी अ‍ॅप, तीन तास, सहा तास, बारा तास अशी, जिथे चेक-इनची वेळ तुम्हीच टाकता. दुसरी, अ‍ॅपवर हॉटेल शोधा, पण पैसे भरू नका. फोन करा आणि विचारा, "आत्ता अर्ध्या तासात येतोय, सकाळी अकरापर्यंत हवी, काय घ्याल?" रात्री एकनंतर रिकामी राहिलेली रूम त्यालाही नकोच असते. भाव उतरतो. हा फोन दिवसा करून उपयोग नाही, तेव्हा त्याला घाई नसते.

तारीख बरोबर टाकली तरी एक फट उरते. १४ची रूम, आणि १४ तारखेला रात्री बारापर्यंत तुम्ही आलाच नाहीत. हॉटेल रात्री दिवसाचा हिशेब बंद करतं, त्यात न आलेल्यांच्या नावापुढे फुली पडते आणि रूम दुसऱ्याला जाते. 'हॉटेलवर पैसे द्या' वाली बुकिंग सगळ्यात आधी कापली जातात. म्हणून संध्याकाळी हॉटेलला फोन करायचा. अ‍ॅपच्या कस्टमर केअरला नाही, हॉटेलच्या काउंटरला. सांगायचं, विमान १२:४०ला, काउंटरवर पोहोचायला दोन वाजतील, फ्लाइट नंबर हा. आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायचं, कारण संध्याकाळी फोन उचलणारा रात्री ड्युटीवर नसतो.

दोन कसे वाजतील म्हणता? देशांतर्गत विमानातून बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास. आंतरराष्ट्रीय असेल तर इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स धरून तास-दीड तास. वर रिक्षाची वाट बघणं.

एक दादा प्रत्येक व्हिडिओखाली लिहितात, विमानाला पैसे आहेत आणि लॉजला नाहीत? आहेत हो. पण दोन तास पाठ टेकायला कोण किती देणार, हा हिशेब करू नये का माणसाने? करू या. दोनला रूमवर पोहोचलात, सहाची गाडी असेल तर साडेचारला उठायचं. अडीच तास झोप. माझं मत सरळ आहे: बाहेर पडल्यापासून पुढच्या प्रवासापर्यंत चार तासही नसतील, तर रूम घेऊ नका. दादरहून पहाटेची शिवनेरी धरणार असाल तर टर्मिनलमध्येच बसा आणि चारनंतर निघा. फक्त बॅगेच्या पट्ट्यापाशी, आतच बसा. एकदा दाराबाहेर पडलात की तिकीट आणि ओळखपत्राशिवाय सीआयएसएफ परत आत सोडत नाही. पाणी, बाथरूम, फोनचं चार्जिंग, सगळं आत उरका.

आता कुठे राहायचं. टी-१ असेल तर विलेपार्ले पूर्व, नेहरू रोड आणि स्टेशनच्या बाजूची गल्ली. टी-२ असेल तर मरोळ, चकाला, जे. बी. नगर, अंधेरी-कुर्ला रोड. साधी एसी रूम साधारण दीड ते तीन हजारांत मिळते, डॉर्मेटरीत किंवा पॉडमध्ये एक बेड त्याहून बराच स्वस्त. एकट्याला, लहान बॅग असेल तर बेड पुरे. दोघं असाल तर हिशेब रूमकडे झुकतो, दोन बेडांच्या पैशांत थोडी भर घातली की दार लावून झोपता येतं.

'विमानतळापासून ५०० मीटर' या ओळीवर विश्वास ठेवू नका. नकाशावर ते अंतर विमानतळाच्या कुंपणापासून मोजलेलं असू शकतं, आणि कुंपणाच्या पलीकडे धावपट्टी असते, दार नसतं. टी-१पासून टी-२ रस्त्याने चार-पाच किलोमीटर आहे. हॉटेलच्या नावासमोर स्वतः 'टर्मिनल २' टाइप करून रस्त्याचं अंतर काढा.

पैसे भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. पहिली, लोकल आयडी चालतो का? मुंबई-ठाण्याचा पत्ता असलेलं आधार बरीच छोटी हॉटेलं नाकारतात. डोंबिवलीकरांनो, तुम्हीही त्यात येता! कायद्यात असं काही नाही, पण रात्री दोनला कायदा सांगून रूम मिळत नाही. पॅनवर पत्ता नसतो, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. दुसरी, परदेशी पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असेल तर घेता का? अशा पाहुण्याची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. छोट्या लॉजकडे ती सोय नसते, ते हात जोडतात. तिकडची मुलं-नातवंडं आली की नेमकं इथेच अडतं, आजोबांचं आधार चालतं आणि नातवाचा पासपोर्ट नाही. तिसरी, सांगितलेल्या भावात जीएसटी आहे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजी साडेसात हजारांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के आहे. आधी १२ होता. बिलावर अजून १२ दिसला तर बोट ठेवा.

आता ते लुटणारे. बाहेर पडताच कुणीतरी बॅगेला हात लावतो, "साब, कौन सा होटल? वो तो बंद हो गया." ते बंद झालेलं नसतं. ज्या हॉटेलात त्याला कमिशन मिळतं तिथे त्याला तुम्हाला न्यायचंय. त्याच्यासमोरच हॉटेलला फोन लावा, वाद आपोआप मिटतो. रिक्षा मीटरने. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे, आणि रात्री बारा ते पाच सव्वापट. म्हणजे टी-२पासून अंधेरी स्टेशन चार किलोमीटर धरलं तर दिवसा ६९च्या आसपास, रात्री ८६. कुणी चारशे म्हणालं तर हे दोन आकडे डोक्यात असू द्या. मात्र वांद्र्याच्या पुढे, दादरकडे, रिक्षा जात नाही. तिथे टॅक्सीच.

परदेशी सिमवाल्यांनी हॉटेलचा पत्ता आणि फोन नंबर स्क्रीनशॉट काढून ठेवा. वायफायचा ओटीपी आला नाही की सगळं तिथेच ठप्प.

जेवण. स्वस्त हॉटेलचं किचन अकरा-साडेअकराला बंद होतं, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. डिलिव्हरी अ‍ॅप रात्रभर चालतात, पण पोऱ्या वर येत नाही, तुम्हालाच खाली जावं लागतं. ऑर्डर रूमची चावी हातात आल्यावरच करा, कारण इमिग्रेशनच्या रांगेतून मागवलेलं जेवण तुमच्याआधी पोहोचतं आणि काउंटरवर गार होतं. अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला रात्री उशिरा भुर्जी-पावच्या गाड्या सापडतात, शंभराच्या आत पोट भरतं. पाणी मात्र आपलंच. सायकलवरचा चहावालाही भेटतो. शाकाहारी मंडळींचे दोन वाजता हाल होतात, मस्का-पाव मिळाला तर नशीब. त्यापेक्षा दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा हातातल्या बॅगेत ठेवा, कोरडं खाणं सिक्युरिटीत सहसा अडत नाही. अडतं ते लोणचं. बरणी चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर मिरचीचं तेलकट लोणचं कचरापेटीत जाईल आणि घरी बोलणी बसतील ती वेगळी.

शेवटचं, नवं आहे म्हणून. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. ते उलव्याला आहे, अंधेरीला नाही. तिकिटावर कोड बघा. बीओएम असेल तर वर सांगितलेलं सगळं लागू, एनएमआय असेल तर मरोळचं हॉटेल रद्द करून पनवेल, उलवे, बेलापूरकडे शोधा. तारखेचा नियम तिथेही तोच.

तुमची उतरायची वेळ आणि तारीख खाली लिहा. बुकिंग कुठल्या तारखेचं हवं ते सांगतो. फक्त 'रात्री १२' एवढंच लिहू नका, कुठल्या दिवसाची रात्र तेही लिहा!