मुकादमाच्या वहीतला खाडा

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय छापलाय: ‘सामाजिक समावेशनाच्या योजनांचं निष्पत्तीवर आधारित संनियंत्रण आणि मूल्यमापन’. निष्पत्ती म्हणजे योजनेमुळे माणसाच्या आयुष्यात शेवटी काय बदललं ते. एवढं लांबलचक नाव वाचूनही सभागृह भरलं, याचा मला मनापासून आनंद झाला. चार सूत्रं सांगायचं मी कबूल केलंय आणि ती सांगणार आहे. पण आधी एका वहीबद्दल बोलू द्या.

तुमच्यातले बरेच जण बीडमध्ये, ऊसतोड कामगारांमध्ये काम करता. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुम्हाला माहीत आहे. मुकादम म्हणजे कामगारांची टोळी जमवणारा ठेकेदार. त्याच्या वहीत प्रत्येक कोयत्याची वेगळी नोंद असते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती दिली, कधी दिली, आणि कोणत्या दिवशी कोयता उसाच्या फडात उतरला नाही. तो खाडा. तापाने फणफणलात तरी खाडा, बाई बाळंत झाली तरी खाडा. त्याचे पैसे कापले जातात आणि हंगाम संपताना फिटलं नाही ते पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतं. ही वही माणसाला बांधून ठेवते, तिचं कौतुक मी करणार नाही. पण नोंद म्हणून तिच्याकडे बघा. ती कोयत्यागणिक आहे, तारीखवार आहे आणि कोण आलं नाही हे ती सांगते. आपल्या कल्याणकारी योजनांच्या वह्या फक्त कोण आलं ते सांगतात. माझं आजचं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती फिरतं.

काही वर्षांपूर्वी मी एका हंगामी वसतिगृहाच्या पाहणीला गेले होते. आईबाप कारखान्यावर गेले की मुलं आजीआजोबांकडे राहतात, शाळेत जेवतात, शिक्षण तुटत नाही. योजना चांगली आहे, आजही मी तिच्या बाजूची आहे. हजेरीपट चोख होता. मी संध्याकाळच्या जेवणापर्यंत थांबले. सहावीतली एक मुलगी आली, थोडं जेवली आणि उरलेलं डब्यात भरायला लागली. मी तिच्यासोबत घरी गेले. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धाकटा भाऊ चार वर्षांचा. पाणी, चूल, शेळी, सगळं या मुलीकडे. सकाळी शाळेत कधी जातेस विचारलं, तर ती आजीकडे बघायला लागली. आजीच म्हणाली, “बाई, ती साळंत गेली तर मला कोण बघल?”

दुसरीच्या पुस्तकातली एक गोष्ट मी तिच्यापुढे ठेवली. अक्षरं तिला येत होती, पण शब्द जोडताना ती थांबत होती, मग बोट पुढे सरकायचंच बंद झालं.

आता माझ्या हातातला तक्ता ऐका. हजर: होय. भोजनाचा लाभ: होय. स्थलांतर रोखलं: होय. तीन रकान्यांत ती मुलगी यश होती. मी शेऱ्याच्या रकान्यात तिची सगळी हकिगत लिहिली. अहवाल परत आला. वर लिहिलं होतं, शेऱ्यांची बेरीज करता येत नाही, आकडे पाठवावेत. मी आकडे पाठवले. ते पाठवायला नको होते, हे मला अजून सलतं.

शाळेतल्या गुरुजींना मी दोष देत नाही. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. ज्या आकड्यावर नोकरी टांगलेली असते तो आकडा खरा राहत नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या राज्यात तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून. मतदाराला लावतात तशी शाई पहिलीतल्या पोराच्या बोटाला! कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. त्यातली बनावट किती आणि खरोखर कुठेतरी राबणारी किती, हा माझा प्रश्न होता. चर्चा मात्र बहुतेक अनुदानाच्या चोरीचीच झाली.

मूल्यमापन आपल्याला नवं नाही. १९५२ साली सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी नियोजन आयोगाने मूल्यमापनाची स्वतंत्र संघटना उभी केली आणि तिचे प्रमुख होते पुण्याचे प्रा. द. गो. कर्वे. पुढे २००५ पासून ‘असर’ पाहणीने घरोघरी जाऊन विचारलं, मूल वाचतं का? अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एवढीच पट्टी. पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे देशाला तेव्हा कळलं. पट वाढल्याच्या आनंदात हे दिसलंच नव्हतं. २०१७-१८ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत निष्पत्तीचा तक्ताही येतो. म्हणजे ‘निष्पत्ती’ हा शब्द दिल्लीपर्यंत पोचलाय.

बायकांचं तर विचारूच नका. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचं प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजलं आणि शासनाला समिती नेमावी लागली. अशा बायकांची संख्या हजारांत निघाली. शस्त्रक्रिया मोजल्या तर आरोग्यसेवा पोचली असंच वाटेल. त्या शस्त्रक्रियेमागे खाड्याची धास्ती होती का, हे विचारणारा रकाना कोणाकडे होता?

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. चार सूत्रं भरभर सांगते.

पहिलं, निष्पत्ती कोणती हे ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांच्याकडून ठरवून घ्या. टोळीतल्या आयांना मी विचारलं तेव्हा जेवणाच्या ताटांचा विषय कुणीच काढला नाही. त्या म्हणाल्या, पोरीचं लगीन घाईनं लावायची पाळी येऊ नये. मग निर्देशक सरळ आहे: यंदा सातवीत असलेली मुलगी जूनमध्ये आठवीत बसली का?

दुसरं, मोजणीची तारीख. पहिली नोंद टोळ्या निघायच्या आधी, सप्टेंबरात. दुसरी त्या परतल्यावर. मधल्या काळात गावात पाहणी केली की घराला कुलूप, पाहणी करणारा पुढच्या घरी, आणि सगळ्यात मागे राहिलेलं मूल मोजणीतूनही सुटतं.

तिसरं, सरासरी फोडा. मुलगी-मुलगा, जात, भटके-विमुक्त, अपंगत्व हे आहेच. त्यात एक रकाना वाढवा: गावात राहिलेली आणि फडावर गेलेली. गेलेल्या मुलांकडे शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं शिक्षणाच्या नोंदीचं कार्ड, असलं, तर कारखान्याजवळच्या शाळेने ते खरंच उघडून बघितलं का, हेही लिहा. आणि शेऱ्यांची बेरीज होत नसेल तर निदान ते वाचायला माणूस नेमा.

चौथं, खाडा दिसला की पद किंवा पैसे कापायचे नाहीत, माणूस पाठवायचा. त्या मुलीच्या घरी जायला हवी होती आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि धाकट्यासाठी अंगणवाडी. दोन्ही योजना वेगळ्या खात्यांच्या, म्हणून नोंद योजनेच्या नावाने ठेवण्याऐवजी मुलाच्या नावाने ठेवा. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने सतराव्या कलमात ग्रामसभेपुढे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर कामाची तपासणी, आणलं, तसं या मुलांबाबतही करा. नावं पुकारू नका, प्रत्येकीची नोंद तिच्या आईला वेगळी दाखवा आणि गावाचा हिशेब सभेत वाचा. ती सभा मेमध्ये ठेवा. पाडव्याला ठेवली तर कित्येक आया अजून कोपीवरच, फडाजवळच्या झोपडीतच, असतात.