द्राक्षमळ्याचा दाखला गिरणाऱ्यात वाचला तर

नमस्कार मंडळी.

मी नाशिकरोडला राहते, आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि आता रिटायर झाल्यावर आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मग्रामात, जमेल ते काम करते. नाशिकरोडचं बाळ येशूचं मंदिर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, फेब्रुवारीत यात्रा भरते तेव्हा नवस फेडायला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती हे कोणी विचारत नाही, मेणबत्ती सगळ्यांच्याच हातात असते. पण आज मला यात्रेविषयी नाही, द्राक्षाच्या सीझनमध्ये नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला भरतो त्या बाजाराविषयी बोलायचंय.

हा बाजार माणसांचा. सकाळी लवकर पेठ, हरसूल, त्र्यंबक भागातनं पिकअप भरभरून आदिवासी मजूर येतात, बाया, पोरं, म्हातारे, कमरेला भाकरीचं फडकं बांधलेलं, आणि रस्त्याच्या कडेला उभे राहतात. बागायतदार येतात, रोज म्हणजे दिवसाची मजुरी ठरते, गाडीत बसवून नेतात. छाटणी, वेलीच्या डोळ्यांना म्हणजे कोंबांना औषधाची पेस्ट लावणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, मग काढणी, हे सगळं याच हातांनी होतं. ज्याला काम मिळालं नाही तो दहा वाजेपर्यंत थांबतो आणि दहा वाजता त्याचा भाव पडलेला असतो. बायांचा रोज तर बऱ्याचदा आधीपासूनच कमी, काम तेच असलं तरी, समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच आला तरीही.

आता बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय आठवा, येशूनं सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणायला जातो, मग नऊला, बाराला, तीनला आणि पाच वाजता पुन्हा जातो, तर तिथं अजून माणसं उभीच. तो विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे आहात, आणि ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावरच लावलं नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दीनार देतो, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, पाचला आलेल्यालाही. आपण हा दाखला मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कितीदा ऐकला, आणि दरवेळी त्यात देवाची दया ऐकली, ती आहेच. पण मी गिरणाऱ्यात उभं राहून तो मनात वाचला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की पाचला आलेल्याच्या घरीही तितकीच तोंडं खाणारी असतात, आणि ते त्या मालकाला कळलं होतं.

मागच्या सीझनची गोष्ट सांगते. सुरगाण्याकडचा एक माणूस आमच्याकडे आला, अकरा दिवस काम केलं होतं आणि मुकादम पैसे न देता गायब. आम्ही काय केलं, जे नेहमी करतो तेच, तांदूळ, डाळ, तेल पिशवीत भरून दिलं. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, ताई, तांदूळ आहेत घरी, माझे पैसे काढून द्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं आपण दान करत आलो, मनापासून करत आलो, आणि या माणसाला दान नकोच होतं, त्याला त्याचं हवं होतं.

आमच्या चर्चनं हे सांगितलं नाही असं मुळीच नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कामगारांवर एक परिपत्रक काढलं, त्यात स्पष्ट आहे की गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीपोटी मजुरानं कमी मजुरी कबूल केली तर तो करार नाही, ती जबरदस्ती आहे, अन्याय आहे. दहा वाजता पडलेला भाव म्हणजे दुसरं काय! 2025 च्या मे मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं ते मुख्यतः त्याच परिपत्रकामुळे, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. आणि पोप पॉल सहावे यांनी 1972 च्या चर्चच्या जागतिक शांतिदिनाला म्हटलं होतं, शांती हवी तर न्यायासाठी काम करा.

पण मग शेतकरी शत्रू का? तसं मला अजिबात म्हणायचं नाही. आम्ही त्या माणसाला घेऊन बागेवर गेलो, मी, आमच्या पॅरिशमधले दोन तरुण आणि एक सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी. शेतकऱ्यानं ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि वही काढून दाखवली की एकरी उक्ते ठरलेल्यातले निम्मे पैसे मुकादमाला गेलेत, बाकीचे त्यानं स्वतःच थांबवलेत कारण व्यापारी माल उचलून गेला आणि फोन उचलत नाही. गारपिटीनं आधीच अर्धी बाग झोपलेली, बँकेचं कर्ज डोक्यावर. आम्ही गेलो होतो भांडायच्या तयारीनं आणि तिथं दोन लुबाडलेली माणसं समोरासमोर बसली होती. शांतीचं काम असतं ते हेच असं मला वाटतं, वही उघडून हिशोब होईपर्यंत तिथून न उठणं, वेळ जातो, चहा तीनदा होतो.

त्यानंतर आम्ही ठरवलं की पॅरिशमध्ये मजुरांसाठी छोट्या हजेरीच्या वह्या छापायच्या, तारीख, मालक, मुकादम, ठरलेला रोज, मिळालेले पैसे. ज्याला लिहिता येत नाही त्याला आमची पोरं लिहून देतात. पेस्ट लावणाऱ्यांना हातमोजे मिळतात का तेही बघतो, ते औषध कातडीला वाईट असतं. पैसे अडले तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात सोबत जायचं, एकट्याला पाठवायचं नाही.

एक गोष्ट आपल्या घरातलीही बोलते, कारण बाहेर न्याय मागताना ती लपवता येत नाही. भारतातल्या बिशपांनी 2016 मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांविषयी धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्येही जातीचा भेदभाव आहे हे मान्य केलं. ज्या नाशिकमध्ये 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्या नाशिकच्या ख्रिस्ती माणसानं लग्न जमवताना आडून आडून जात विचारू नये, इतकं तरी.

2018 च्या मार्चमध्ये याच भागातले आदिवासी शेतकरी वनजमिनीसाठी नाशिकहून मुंबईला चालत गेले, आणि दहावीच्या पोरांची परीक्षा आहे म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालले. ज्यांच्या स्वतःच्या पायाला फोड आलेत ते दुसऱ्याच्या पोरांचा विचार करतात, मला त्यांच्याकडूनच शिकायचंय.

त्या माणसाचं काय झालं हे सांगायचं राहिलं. शेतकऱ्यानं शब्द पाळला, बाकीच्यातले आठ दिवसांचे पैसे मिळाले. तीन दिवसांचे मुकादमाकडे आहेत. तो सापडलाय, सोमवारी सकाळी आम्ही परत जातोय.